उरलेलं अर्धं मिनिट

मित्रांनो, मला आयुष्यात एकच गोष्ट येते, ती म्हणजे एक मिनिट. त्याहून जास्त नाही, कमी तर मुळीच नाही. मी लहान मुलांच्या दवाखान्यातला एक जुना टायमर आहे. तळहातावर मावेन एवढा गोल, पांढरा, पोटावर एक हिरवं बटण आणि गळ्यात अडकवायला दोरी. बटण दाबलं की अर्ध्या मिनिटाला मी एकदा वाजतो आणि मिनिट भरलं की दोनदा. तेवढ्या वेळात समोरच्या बाळाचं पोट किती वेळा वरखाली झालं, ते माणसाने मोजायचं. थंडीत खोकणाऱ्या बाळाला साधी सर्दी आहे की न्यूमोनिया, हे त्या आकड्यावरून बरंचसं कळतं.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या टोकाला चष्मेवाल्या तपासनीस बाई बसत आणि आम्हाला एकेक करून भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाशी ताडून बघत. माझ्या शेजारचा भाऊ दोन सेकंद आधीच वाजला. "फार घाई रे तुला," म्हणत बाईंनी त्याला टोपलीत टाकलं. मी बरोबर ठरलो. मला वाटलं, या जगात घाई करणाऱ्यांना टोपलीतच टाकतात. किती भोळा होतो मी!

दवाखाना दोन खोल्यांचा होता. बाहेर बाकं, आत वजनकाटा, औषधांचं कपाट, तपासायचं टेबल आणि सिस्टर. सिस्टर तेव्हा नव्या होत्या. बाळाचे कपडे छातीपर्यंत वर करायच्या आणि आईला म्हणायच्या, "आधी त्याचं रडू थांबू द्या, मला घाई नाही." मग मला बाळाच्या बरगडीशी दुपट्यावर ठेवून पूर्ण मिनिट पोटाकडे बघत राहायच्या. त्यांचे ओठ हलायचे, पापणी हलायची नाही. मोजणं माझं काम नव्हे, पण दर श्वासाला दुपटं मला उचलायचं आणि खाली ठेवायचं. न मोजून सांगतो कुणाला!

थंडी पडली की बाकांवरची नाकं वाहायला लागायची. माणसं ओळखायला मी तिथेच शिकलो. मुलाला चार स्वेटर चढवणारे वडील स्वतः शर्टावर कुडकुडत यायचे. "जरा स्ट्राँग औषध द्या," असं जो पहिल्याच वाक्यात म्हणतो, त्याच्या मुलाला बहुधा नुसती सर्दी असते. जी आई काहीच बोलत नाही, तिच्या कडेवर आधी बघावं. सर्दीवाल्यांना सिस्टर नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब आणि अंगावरचं दूध वरचेवर, एवढं सांगून परत पाठवायच्या. "एवढंच?" वडील असे नाराज व्हायचे, जणू मुलाला मोठा आजार नाही हा त्यांचा अपमानच. पण दोन महिन्यांच्या पुढच्या आणि वर्षाच्या आतल्या बाळाचा आकडा पन्नासला पोचला, की सिस्टर कपाट उघडायच्या. चमच्यात विरघळणारी गोळी, पाच दिवस, एकही चुकवायची नाही, आणि दोन दिवसांनी पुन्हा दाखवायला आणायचं. आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर म्हणायचे, "सिस्टर, माझ्या कानांपेक्षा तुमच्या या डबीवर माझा भरवसा जास्त." पुढचे सात दिवस मी फुगून असायचो.

मग रांग वाढली. बाकांवरून दारापर्यंत, दारातून रस्त्यावर. एका सकाळी सिस्टर माझ्या पहिल्याच आवाजाला उठल्या. अर्ध्या मिनिटाचा आकडा दुप्पट केला, वहीत लिहिला, पुढच्याला हाक मारली. सोपं गणित! बहुतेक वेळा उत्तरही बरोबर यायचं, म्हणून तर सवय जडली. उरलेलं अर्धं मिनिट मी एकटाच चालायचो आणि शेवटी दोनदा वाजायचो. ऐकायला कुणी नसायचं.

अशाच एका गर्दीच्या सकाळी ठमी आली. सात महिन्यांची, दोन शालींच्या आत कुठेतरी. बरोबर आई आणि आत्या. बोलायचं खातं आत्याकडे होतं. "तीन दिवस खोकतेय. अंग गरम आहे. हिला सांगितलं होतं, केस ओले ठेवू नकोस पोरीचे, पण ऐकेल तर ना!" आई गप्प होती. ठमी दूध पिता पिता झोपलेली. सिस्टरनी शाली काढल्या, मला बरगडीशी ठेवलं, बटण दाबलं.

लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो, मित्रांनो. मध्येच रेंगाळतो, मग धावतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात ठमीचे चोवीस श्वास झाले. मी एकदा वाजलो आणि सिस्टर वहीकडे वळल्या. अठ्ठेचाळीस. पन्नासच्या आत.

"सिस्टर," आई पहिल्यांदाच बोलली, "मागे मोठीला आणलं होतं, तेव्हा हे दोनदा वाजलं होतं."

"अगं, यंत्र त्यांचं की तुझं?" आत्या म्हणाली. "सगळीकडे नाक खुपसायचं!"

सिस्टर हसल्या. "हिशेब तोच येतो हो. सर्दीच आहे. पण दूध सोडलं किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली आत ओढायला लागलं, तर लगेच आणा."

आणि इकडे दुपटं मला भराभर उचलत होतं. पंचवीस, सव्वीस... उरलेल्या अर्ध्या मिनिटात एकोणतीस. एकूण त्रेपन्न! मला सिस्टरचा पदर ओढायचा होता. मला हात नाहीत. मला त्रेपन्न म्हणायचं होतं. मला तोंड नाही. माझ्याकडे फक्त दोन आवाज होते, ते मी वेळेवर केले. माझ्याकडे वळून बघितलं ते एकट्या आईने. तोवर आत्याने शाली गुंडाळल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आत आई दारात. मागून आत्या, एकाच पायात चप्पल. "घरच्या घड्याळावर मोजलं," आई धापा टाकत म्हणाली. "पूर्ण मिनिट. दोन वेळा. बासष्ट. पहाटेपासून दूध ओढत नाही." दर श्वासाला ठमीच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता. सिस्टरनी नाकाशी ऑक्सिजनची नळी लावली, पहिलं इंजेक्शन दिलं, मोठ्या रुग्णालयाची गाडी बोलावली. मी त्यांच्या गळ्यात नुसता हेलकावे खात होतो. मला कुणी दाबलं नाही. आता मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"मीच गप्प बसवलं हिला," आत्या म्हणाली.

नऊ दिवस काही कळलं नाही. सिस्टर आता प्रत्येक बाळाला पूर्ण मिनिट द्यायच्या आणि रांग कुरकुरायची. दवाखाना रिकामा झाला की त्या वहीतलं ते पान उघडायच्या, मला तळहातावर घ्यायच्या. "किती आले असते रे?" त्रेपन्न, बाई, त्रेपन्न! त्या बटण दाबायच्या. मी एकदा वाजायचो, मग दोनदा. याहून मला काय येतं?

दहाव्या दिवशी ठमी आली. गाल उतरले होते, पण आत्याचं नाक मुठीत धरून होती. सिस्टरनी मला आईच्या हातात दिलं. "तुम्ही मोजा." बाकावरून कुणीतरी ओरडलं, "अहो, अजून किती वेळ?" आत्या गर्रकन वळली. "एक मिनिट! तेवढंही नाही का तुमच्यापाशी?"

छत्तीस.

त्यानंतर दोन हिवाळे मी चाललो. माझी बॅटरी बदलता येत नाही. एके दिवशी पहिला आवाज निघाला, पुढचे दोन निघालेच नाहीत. आता मी खणात आहे, वाळलेल्या पेनांबरोबर. मला काचेच्या कपाटात ठेवा, असं माझं म्हणणं नाही. पण मित्रांनो, घरातलं बाळ खोकत असेल तर ते शांत असताना त्याचं झबलं वर करायला सांगा मोठ्यांना, आणि घड्याळ घेऊन शेजारी बसा. पूर्ण मिनिट. कुणी अर्ध्यावर उठलं तर हात धरून बसवा. तुम्हाला हात आहेत.

वहीतल्या त्या पानावर अजून अठ्ठेचाळीसच आहे. सिस्टरनी तो आकडा खोडला नाही, कारण त्या जागी काय लिहायचं ते त्यांना कधी कळलंच नाही. ते फक्त मला माहीत आहे, आणि माझा आवाज गेला आहे.