बाबांची जुनी शिट्टी

बाबांना पुन्हा जंगलात न्यायची जबाबदारी भोंग्याने स्वतःहून अंगावर घेतली होती. भोंगा म्हणजे त्यांची दहावीतली लेक. आवाजच तसा, म्हणून घरादाराने ठेवलेलं नाव. शहराच्या ऐन मध्यावर ते राखीव जंगल होतं. एकीकडे उड्डाणपूल, दुसरीकडे उंच इमारती, आणि मध्ये मुंगसं, ससे, नशीब असेल तर एखादं कोल्हं. बाप-लेक दर रविवारी तिथे भटकायचे. मग बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि सगळं थांबलं.

"क्षणभर नजरेआड करायचं नाही त्यांना," आईने निघताना बजावलं होतं.

"अगं, आज मी त्यांना नेतेय, ते मला नाही," भोंग्याने ऐटीत सांगितलं होतं.

आणि तळ्यापाशी मुंगसाची दोन पिल्लं काय दिसली, बाईसाहेबांचा जीव तिथेच अडकला. फोटो काढून मान वर केली, तर पायवाट रिकामी.

जंगलात हाका मारायच्या नाहीत, जनावरं बुजतात, हा बाबांचा नियम. त्याऐवजी तोंडाने शिट्टी. एकाने दोन सूर वाजवायचे, दुसऱ्याने तेच वाजवून शेवटी लांबलचक गिरकी घ्यायची. भोंग्याने शिट्टी वाजवली. लगेच उत्तर आलं. तिने हुश्श केलं, आणि मग लक्षात आलं की उत्तर डावीकडच्या गच्च झाडीतून आलंय.

पायवाट सोडून हे तिकडे कशाला शिरले? भरकटले की काय? ती काट्यांतून आत घुसली. पुन्हा शिट्टी, पुन्हा उत्तर, आणखी पुढून. आईला काय तोंड दाखवायचं?

तिसरं उत्तर थेट डोक्यावरून आलं. फांदीवर काळाकुळीत कोतवाल बसला होता, शेपटीला दोन लांब तारा लोंबकळत होत्या. कुणाचीही नक्कल करण्यात पटाईत पक्षी. इतक्या रविवारांत पठ्ठ्याने बाबांची शिट्टी गिरकीसकट उचलली होती.

एरवी ती हसून लोळली असती. आता तिला ऑपरेशननंतरचे बाबा आठवले. जिना चढल्यावर पाणी मागायलासुद्धा बाबांचा दम पुरत नव्हता. एवढी लांब गिरकी ते घेणार कुठून? हे पहिल्याच उत्तराला कळायला हवं होतं.

नियम गेला खड्ड्यात. "बाबा, बाबा," करत ती पायवाटेकडे धावली. पुढच्याच वळणावर ते बाकावर एका अंगावर कलले होते.

"हळू गं. ससेसुद्धा पत्ता बदलतील," ते कसेबसे म्हणाले. "मी फुंकत होतो, पण नुसती हवा. मग तुला कुणीतरी उत्तर दिलेलं ऐकलं. म्हटलं, पोरीला माझ्यापेक्षा बरा बाप मिळाला."

"छातीत दुखतंय?"

"छे. जरा आवळल्यासारखं. बसू पाच मिनिटं. आणि आईला काही बोलायचं नाही, काय?"

आजवर असल्या प्रत्येक कटात ती त्यांच्या बाजूने असायची. तिने त्यांच्या ओठांकडे पाहिलं. पांढरे पडले होते. बाकाशेजारच्या फलकावर फाटकावरच्या चौकीचा नंबर होता. तो लावून तिने आत गाडी आणि बाहेर ॲम्ब्युलन्स मागितली. मग आईचा नंबर लावला.

"अगं, ती आकाशपाताळ एक करेल."

"करू दे."

बाबांनी फोन घ्यायला हात पुढे केला. तिने तो हातच घट्ट धरून ठेवला. गार होता, ओला होता.

"आई, ऐक," ती म्हणाली, "बाबांची फाइल घे आणि थेट दवाखान्यातच ये. मी आणतेय त्यांना."