सोजरची आगवळ

"ऊठ गं माझे मुक्ते, तांबडं फुटलं
गोठ्यातलं वासरू दाव्याचं सुटलं"

वैरागला मुक्ताबाईच्या आईचं, केराबाईचं, रागावणंसुद्धा असं जात्यावर बसून यायचं. खाली पीठ सांडायचं, वर बोल. लेकीला शिवी घालायची तीही ओवीतूनच. तिला जाऊन बारा वर्षं झाली, तरी सोलापुरात गिरणीचा पहिला भोंगा वाजला की मुक्ताबाईला त्याच्या आडून आईचाच आवाज यायचा.

पण आज तिला त्या आवाजाचंही कौतुक नव्हतं. लेकीची, सोजरची शाळा सुरू होऊन नववा दिवस, आणि नऊ दिवसांत तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

तिनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? शुक्रवार पेठेतल्या त्या एका खोलीत सोजरच्या हाताला येतील असे तीन खिळे ठोकले. एक पाटीच्या पिशवीला, एक परकर-पोलक्याला, आणि एक आगवळीला, वेणीत गुंफायच्या त्या लाल सुती दोरीला. सांजच्यालाच सगळं जागच्या जागी. गिरणीत दिवसभर सूत कातणाऱ्या चात्यांच्या गोंगाटानं कान बधिर व्हायचे, घसा बसायचा, तरी घरी येऊन हातांच्या खुणांनी ती लेकीकडून एकेक वस्तू खिळ्याला लावून घ्यायची. पहिल्या भोंग्याला उठायचं, दुसऱ्याला आईनं गिरणीची वाट धरायची, लेकीनं शाळेची. इतकं सरळ!

आणि रोज सकाळी तिसरा खिळा रिकामा.

मग मुक्ताबाई अंथरुणं झाडी, डबे उलथे, आणि तोंडाचा पट्टा सुरू होई:

"आगवळ गेली कुटं, उंदरानं वढली
का माझ्या लेकीनं अक्कलच सोडली"

भिंतीपलीकडून गंगम्मा खिदळे. "मुक्ताक्का, आजचं गाणं लई झ्याक!"

"गाणं न्हवं गं बाई, जीव चाललाय माझा!"

नवरा महिपती दारात तंबाखू मळत शहाणपण शिकवी. "दोन आगवळी करून ठेवाव्या की."

"केल्या! दुसरी परवाच गेली. आता तुमच्या मिश्या गुंफू का तिच्या येणीत?"

मग केव्हातरी पहिली आगवळ कुठूनतरी सोजरलाच सापडे, पण तोवर दुसरा भोंगा होऊन गेलेला.

काल मात्र हसण्यावारी न्यायचं उरलं नाही. शाळेच्या बाईंनी सोजरला दारातूनच परत पाठवलं. आणखी एकदा उशीर, की पटावरून नाव कमी. मुक्ताबाईला अक्षर येत नव्हतं. पण त्या पटावर कुठंतरी आपल्या लेकीचं नाव आहे, एवढ्यावर तिचा गिरणीतला दिवस निघायचा.

आज तिनं पाहिलं. खिळा रिकामा. तिनं तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. ना बोल, ना शिवी. फणी हातात घेऊन ती चुलीपाशी मटकन बसली.

महिपतीचं तंबाखू मळणं थांबलं. पलीकडून गंगम्मानं विचारलं, "मुक्ताक्का, बरं हाय न्हवं?"

सोजरनं आईच्या तोंडाकडं बघितलं. मग कोपऱ्यात गेली. तिथलं जातं, पीठ चक्कीवरून यायला लागल्यापासून, उपाशीच होतं. त्याच्या तोंडात हात घालून तिनं एक सोडून दोन आगवळी काढल्या आणि आईकडं पाठ करून बसली.

मुक्ताबाईनं केस असे ओढले की पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"का गं?"

सोजरनं डोळे पुसले.

"वैरीण हाईस का माझी? नाव गेलं असतं की पटावरनं!"

वेणी झाली, पिशवी खांद्याला लागली. दोघी उंबऱ्यात आल्या आणि दुसरा भोंगा झाला. नऊ दिवसांत पहिल्यांदाच वेळेवर.

भोंगा विरला तेव्हा सोजर खाली मान घालून म्हणाली,

"गिरणीतनं आलीस की तू बोलतच न्हाईस, आये. नुसती हातानं दावतीस. आगवळ हरवली की मगच तू गातीस."