सहा नंबरच्या नळाचा कायदा

कायदा माणसाने सर्वांत आधी पाण्याच्या काठी केला, असं विद्वान लोक सांगतात. इफो या निर्वासितांच्या छावणीतल्या सहा नंबरच्या नळावर तो अजून कागदावर यायचा आहे. तूर्तास तो नळ समितीच्या अध्यक्ष दहाबो यांच्या तोंडात आहे, आणि त्या तोंडापुढे कागद टिकेल असं कोणाला वाटत नाही.

कायदा साधा आहे. रांगेत माणूस उभा राहत नाही, त्याचा पिवळा कॅन उभा राहतो. माणसाने घरी जावं, अंजेरोच्या आंबोळ्या भाजाव्यात, नवऱ्याशी भांडावं. कॅन जागा धरून असतो. दुसऱ्याचा कॅन जो हलवेल त्याचा त्या दिवसाचा नंबर गेला. एकदा दहाबोच्या सख्ख्या दिराने, नूरेने, हलवून पाहिला. त्याचा कॅन तिने स्वतः उचलून काटेरी कुंपणाबाहेर ठेवला. तेव्हापासून नूरे वहिनीशी बोलत नाही, आणि दोघांच्याही तब्येती सुधारल्या आहेत.

दुसरं कलम ड्रमचं. लग्नघरचे ड्रम आले की त्यांना नळाच्या चारही तोट्या एकदम लागतात. पूर्वी एक तोटी मोकळी झाली की ती लग्नासाठी अडवून ठेवत, आणि बाकीच्या तीन मोकळ्या होईपर्यंत वस्तीचा सगळा ब्लॉक त्या कोरड्या तोटीकडे बघत बसे. एका दुपारी कॅनवर बसून कंटाळलेली दहाबोची लेक इद्दिल म्हणाली, "आई, तोवर तिथे एखादा लहान कॅन भरून होईल की. लग्नाला काही उशीर होत नाही."

दहाबोने तिला गप्प बसवलं आणि दुसऱ्या दिवशी तेच कलम स्वतःच्या नावावर जाहीर केलं.

सरहद्द ओलांडताना इद्दिल आईच्या पाठीवर होती, त्यामुळे त्या प्रवासाचं श्रेय ती घेत नाही. पुढचा मात्र तिने स्वतः केला. छावणीच्या शाळेत सहा जणांत एक पुस्तक होतं. जमिनीवर ठेवून सगळे गोल बसत, आणि इद्दिलच्या वाट्याला नेहमी उलटी बाजू येई. आजही ती कोणाच्याही टेबलावरचा कागद समोर बसून उलटा वाचू शकते आणि नोकरीत याचा उपयोग होतो असं सांगते. गणितात ती अशी चमकली की मास्तर तिच्याकडून ताळा करून घेऊ लागले. शिष्यवृत्ती मिळाली. कॅनडात तिने बर्फ आणि गणित दोन्ही पचवलं, आणि तिथून नॉर्वेतल्या एका महासंगणकावर नोकरीला लागली.

महासंगणक म्हणजे एका मोठ्या दालनात ओळीने कपाटं, आणि त्यांत हजारो संगणक एकमेकांना जोडलेले. देशोदेशीचे शास्त्रज्ञ आपापली कामं तिथे पाठवतात.

"मग त्यात तू काय करतेस?" दहाबोने फोनवर विचारलं होतं.

"कोणाचं काम कधी लागेल ते यंत्राने कसं ठरवायचं, ते मी बसवते."

"म्हणजे?"

"रांग लावते, आई."

दहाबोने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. मग दहाबो म्हणाली, "एवढं शिकून?"

ब्लॉकमध्ये तिने सांगितलं की मुलगी एका मोठ्या यंत्राची साहेब झाली. शेजारच्या मुमिनोचं तेवढ्यावर भागेना. "डॉक्टर नाही, नर्स नाही, धान्य वाटणाऱ्यांत नाही," नळावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणे, "मग साहेब कशाची गं, अबायो, बहिणी? आम्हाला पण कळू दे."

"तुला कळलं तर यंत्र बंद पडेल," दहाबो म्हणे. हे उत्तर चांगलं होतं, पण रोज पुरणारं नव्हतं.

अशात एका शुक्रवारी नमाजानंतर वडीलधारे वारफाकाका दहाबोच्या अंगणात आले. मागोमाग चहाचा थर्मास आला, आणि थर्मासामागून नूरे, जो वहिनी सोडून बाकी सगळीकडे बघत होता. गोष्ट मोठी होती. कुळातला गुलेद नैरोबीत पावसाचा अभ्यास करत होता. त्याच्या विद्यापीठाचा नॉर्वेच्या लोकांशी करार होता आणि त्याचं काम किती तरी दिवस कुठल्याशा यंत्राच्या रांगेत अडकलं होतं. आणि त्या रांगेच्या तोंडाशी बसलंय कोण, तर आपलीच पोरगी!

"अल्लाने आपलं माणूस बरोबर जागेवर बसवलंय," काका म्हणाले.

"काका, तिला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? मी गुलेदला सांगून टाकलं, झालं समज. काल बोकडही कापला."

"आणि?"

"चांगला होता."

सगळं कुळ चूक करून, वर जेवूनही मोकळं झालं होतं. आपलं माणूस दारात बसलं की दार आपलं, यात कोणाला शंका घेण्यासारखं काही वाटलं नव्हतं. दहाबो मात्र हिशोब करत होती. पोरीने नाही म्हटलं तर काकांची पत जाते, आणि हो म्हटलं तर नळावरचा कायदा जातो. कुंपणापलीकडे मुमिनो धुतलेलेच कपडे पुन्हा धूत होती. उद्या पहाटे पहिला कॅन पुढे सरकवणार कोण, हेही दहाबोला ठाऊक होतं. तो समोर बसून चहा पीत होता.

इद्दिलला फोन लागला, स्पीकरवर. काकांनी तो तोंडाजवळ धरला आणि आधी वंशावळ म्हटली. गुलेदचा बाप, त्याचा बाप, त्याचा बाप. मग इद्दिलची बाजू. सातव्या पुरुषात दोन्ही ओळी एका नावावर आणून त्यांनी श्वास घेतला. "तर असं आहे, पोरी. त्याचं तेवढं पुढे घे."

दहाबोने आयुष्यात कधी कोणाच्या उत्तराची एवढी वाट पाहिली नव्हती.

"काका, नाही घेणार," फोनमधून आवाज आला. "घेतलं तर नोकरी जाईल. आणि ती वाचली तर आई मला घरात घेणार नाही."

मुमिनोचं धुणं थांबलं. दहाबोने डोक्यावरचं वस्त्र नीट केलं, जे आधीच नीट होतं.

"मग त्या बोकडाचं काय?" काकांनी विचारलं.

"त्याचं काम मी बघितलं, काका. अर्धं यंत्र एकदम पाहिजे म्हणतोय. लग्नाचा ड्रम आणलाय त्याने. एवढी जागा एकदम मोकळी होईपर्यंत थांबणारच की! त्याचं काम तुकड्यांत होण्यासारखं आहे. लहान तुकडे करून पाठव म्हणावं. मोठी कामं वाट बघत असतात तेव्हा मध्ये फट राहते, तिथे आपोआप लागतील. कोणाचा नंबर जाणार नाही."

काकांना यातलं काहीच कळलं नाही. दहाबोला सगळं कळलं, आणि कळता कळता ती उठून उभी राहिली.

"अगं, हे तर माझं कलम!"

"माझं होतं ते, आई."

"घरचंच आहे," दहाबो म्हणाली आणि काकांकडे वळली. "काका, ड्रम फोडायचा आणि कॅन करायचे. नैरोबीला एवढाच निरोप द्या. एवढं शिकलाय, त्याला समजेल."

मग जे झालं त्याची ब्लॉकमध्ये अजून चर्चा होते. नूरेने कप खाली ठेवला आणि इतक्या वर्षांनी तोंड उघडलं. "वहिनी, पोरगी तुझ्यावर गेलीय."

"मग काय तुझ्यावर जायला हवी होती?"

तो हसला. तीही हसली. दुसऱ्या दिवशी त्याचा कॅन रांगेत शेवटी होता आणि तो घरी झोपला होता.

त्या दिवसापासून दहाबोने 'साहेब' हा शब्द टाकून दिला. नवं कोणी नळावर आलं की ती सरळ सांगे, "माझी मुलगी रांग लावते." त्यांना ते कमी वाटलं तर मुमिनो मध्ये पडे. "अगं, साधी रांग नव्हे! मोठमोठे शास्त्रज्ञ उभे असतात तिच्यात. सातव्या पुरुषातल्या भावालासुद्धा पुढे सोडलं नाही पोरीने!" हे ती अशा थाटात सांगे की कायदा, मुलगी आणि नळ तिन्ही तिचीच वाटावीत. दहाबोने तिला त्यात कधी टोकलं नाही.

गुलेदने कामाचे तुकडे केले. ते मोठ्या कामांच्या फटींतून एकेक करून पार पडले, कोणाचाही नंबर न जाता. उत्तर आलं तेव्हा वारफाकाकांनी अख्खा ब्लॉक जमवला, चहा करवला आणि फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा उंच धरला. गुलेदने येत्या हंगामाचा अंदाज वाचून दाखवला. आपल्या भागात पाऊस कमी होईल, असं त्यात होतं.

तो कमीच झाला.