कपॅसिटरचं पान

“ओळीखाली पट्टी ठेव गं. नजर उडी मारते आणि आपल्याला कळतही नाही.”

हेमलताने पट्टी ठेवली. सांगणाऱ्याला जाऊन साडेतीन महिने झाले होते, पण तिची सवय मोडली नव्हती. तिचे यजमान श्रीरंग खुर्चीमागून वाकून सांगायचे तेव्हा त्यांच्या शर्टाला सोल्डरचा वास यायचा. आता वास येत नव्हता, एवढाच फरक. तिच्या मनाला तोही फरक नीटसा जाणवत नव्हता. सोसायटीतल्या बायका म्हणत, रडून घ्या एकदा, मोकळं वाटेल. ती मान हलवायची. रडायचं कुठून सुरू करतात, हेच जणू तिला आठवत नव्हतं.

श्रीरंग गद्रे सरकारी खात्यात इलेक्ट्रिकल इंजिनियर होते. दिल्लीत मयूर विहारच्या या फ्लॅटच्या बाहेरच्या खोलीत दर रविवारी सकाळी त्यांचा वर्ग भरायचा. शिकायला यायची ती कॉलेजची मुलं नव्हेत, चांगले चाळिशीतले वायरमन आणि फोरमन. गेल्या पाच-सहा वर्षांत गुडगावला शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत होत्या, आणि प्रत्येक इमारतीला वायरिंगवर सही करायला लायसनवाला सुपरवायझर लागत होता. काम तर या लोकांना डोळे मिटून यायचं. लायसनची लेखी परीक्षा आली, की घाम फुटायचा. “तुम्हारे हाथ इंजीनियर हैं, बस काग़ज़ अनपढ़ है,” असं श्रीरंग त्यांना चिडवायचे आणि मग खडू घेऊन उभे राहायचे.

त्यांच्यासाठी श्रीरंगनी हिंदीत नोट्स काढल्या होत्या. श्रीरंगचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. म्हणून सगळ्या नोट्स हेमलताने स्वच्छ उतरवायच्या आणि श्रीरंगनी करोल बागेतल्या दुकानातून त्यांच्या झेरॉक्स काढायच्या, अशी पहिल्यापासूनची वाटणी. हेमलताला विजेतलं काही कळत नसे. पण रोज एकशे आठ वेळा रामनाम लिहिण्याचा तिचा नेम लग्नाआधीपासूनचा, त्यामुळे हात बसलेला. अक्षर छापल्यासारखं.

सुतक संपल्यावर चौदाव्या दिवशी तिने नामाची वही पुन्हा उघडली होती. नाम लिहून व्हायचं, वही मिटायची. आत काही हलायचं नाही. देवाला सांगायलाही काही नव्हतं. गुरुवारचा उपवास, चतुर्थीचा उपवास, सगळं वेळेवर होत होतं.

मेच्या सुरुवातीला रामनिवास आला. हा श्रीरंगचा जुना विद्यार्थी. तीन वर्षांपूर्वी परीक्षा पास होऊन आता गुडगावच्या एका टॉवरमध्ये सुपरवायझर झालेला. दारात चपला काढून तो सोफ्याच्या अगदी कडेला बसला.

“भाभीजी, इस बार ग्यारह लोग बैठ रहे हैं परीक्षा में. नोट्स की झेरॉक्स की भी झेरॉक्स हो गई है. आधे अक्षर उड़ गए. सर ने बोला था नई कॉपी बना देंगे.”

“कब बोला था?”

“दिवाली में.”

हेमलताने थोडा विचार केला. नाही म्हणायला काही कारण सापडेना. “परीक्षा कब है?”

“जून की बीस को.”

“ठीक है. सर की असली कॉपी से उतारती हूँ. दो हफ़्ते बाद, इतवार को आओ.”

दुसऱ्या दिवसापासून सकाळचं नाम झालं, की ती श्रीरंगची मूळ वही काढून बसू लागली. अर्थिंग, केबलचे साइज, भाराचं गणित. बाहेर लूचा तापलेला वारा सुटलेला, कूलरच्या गवताचा ओला वास खोलीत. दुपारी लाइट गेली, की ती खिडकीशी सरकून लिहीत राही. बरं वाटत होतं असं नाही, पण वेळ जात होता.

नवव्या दिवशी कपॅसिटरचं पान आलं. पॅनेल रूममधल्या कपॅसिटरवर काम करायच्या आधी काय काय करायचं, त्याची यादी. श्रीरंग आकडे घालत नसत, नुसत्या रेघा ओढून एकाखाली एक लिहीत. चौथ्या रेघेपुढे लिहिलं होतं: बंद करने के बाद पाँच मिनट रुकें, डिस्चार्ज रॉड से तीनों टर्मिनल अर्थ करें, उसके बाद ही हाथ लगाएँ. खाली कंसात त्यांची टीप: सप्लाय बंद होने पर भी कपैसिटर में बिजली बाकी रहती है.

त्या ओळीच्या बाजूला पेन्सिलचा एक बारीक ठिपका होता. तो तिचा होता.

ठिपका बघितल्याबरोबर तिला सगळं आठवलं. एवढं लख्ख, की तिलाच नवल वाटलं. सहा वर्षांपूर्वीची दुपार. माहेरच्या देवळातल्या बुवांनी लहानपणी घालून दिलेला दंडक असा होता, की नामाच्या पानावर खाडाखोड चालत नाही. चुकलं तर ते पान गेलं, नव्या पानावर पहिल्यापासून. तोच दंडक तिने नोट्सनाही लावला होता. श्रीरंग हसायचे. “अगं, हे देवाचं नव्हे, अर्थिंगचं पान आहे. खोड आणि पुढे चल.” तिला खोडवत नसे. त्या दुपारी हे पान ती तिसऱ्यांदा लिहीत होती. पुरं झाल्यावर दिसलं, की एक ओळ राहिली. मध्ये काकपद घालून, वर बारीक अक्षरात लिहून पान विद्रूप करायचं तिच्या जिवावर आलं. म्हटलं, पुढच्या पानाच्या सुरुवातीला घेऊ. खूण म्हणून मूळ वहीत ठिपका दिला. तेवढ्यात नळाला पाणी आलं. बादल्या, पिंप, मग दिवेलागण. दुसऱ्या दिवशी तिने नवीन धडा सुरू केला.

तिने उठून कपाटातली जुनी प्रत काढली. पान सुंदर होतं. ओळ नव्हती, तिच्याखालची टीपही नव्हती.

श्रीरंगनीही ती कधी तपासली नव्हती. प्रत हातात घेऊन म्हणाले होते, “तुझ्या हातचं आहे, यात मी काय बघणार?” आणि पिशवीत घालून करोल बागेला गेले होते.

हेमलता गॅसवरचं दूध उतू जाईल म्हणून उठली. दूध गॅसवर ठेवलेलंच नव्हतं.

संध्याकाळी त्यांची मुलगी सुखदा ऑफिसातून आली. गुडगावला एका परदेशी कंपनीत तिला नोकरी लागून वर्ष झालं होतं. जेवताना हेमलताने तिला सगळं सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तशा आवाजात.

“अच्छा, मग नव्या प्रतीत घाल ना ती लाइन,” सुखदा म्हणाली. “बस.”

“घातली. पण गेल्या सहा वर्षांत शिकलेली माणसं जुनी प्रत घेऊन गेलीत.”

“ते पास झाले, आई. आता कोण उघडून बसतंय?”

“उघडत नसतीलही.”

“तू सगळ्यांना सांगत सुटलीस, तर काय म्हणतील माहितीये? गद्रे सरांच्या नोट्स चूक होत्या. तू लिहिलंस की बाबांनी, कोण विचारणार आहे? नाव बाबांचं आहे.” सुखदाने पोळीचा तुकडा ताटातच ठेवला. “त्यांचं एवढं एकच तर आहे यार, जे लोक अजून बोलतात.”

पोरगी खोटं बोलत नव्हती. खात्याने तर शोकसभेत त्यांचं आडनावही चुकीचं वाचलं होतं. जे काही नाव होतं, ते या पिवळ्या कागदांवर होतं.

“आणखी एक पोळी घे,” ती म्हणाली.

“नको. तू विषय नको बदलू.”

“बदलत नाहीये. पोळी घे.”

रविवारी सकाळी रामनिवास आला. हेमलताने नवी प्रत त्याच्यापुढे ठेवली. तो एकेक पान हलक्या हाताने उलटत होता.

“वाह, भाभीजी. शादी के कार्ड जैसा लिखा है. अब तो फेल होने वाला ख़ुद गधा.”

प्रत बांधून द्यावी आणि दार लावून घ्यावं, इतकं ते सोपं होतं. हेमलताने चहाचा कप त्याच्याजवळ सरकवला.

“रामनिवासजी, कपैसिटर वाला पन्ना देखो. चौथी लाइन. पुरानी कॉपी में वो नहीं थी. मुझसे छूट गई थी. सर से नहीं, मुझसे.”

त्याने पान काढलं. ओळ वाचली, बोट ठेवून पुन्हा वाचली. मग उजवा हात उलटा करून तळव्याकडे बघत राहिला. तळव्यावर अंगठ्यापासून मनगटापर्यंत चकचकीत, ताणलेली कातडी होती.

“ये मुझे इसी में लगा था,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. “परीक्षा से दो महीने पहले. सर ने बहुत डाँटा, कि पढ़ा नहीं तूने. मैंने पढ़ा था, भाभीजी. घर जाके दस बार पन्ना देखा. मुझे लगा मुझसे ही कुछ छूट रहा है.”

तो रविवार हेमलताला आठवला. पट्टी बांधलेल्या हाताने याला कप धरता येत नव्हता, म्हणून तिने स्टीलचा पेला दिला होता. आणि आतल्या खोलीत श्रीरंगना म्हणाली होती, एवढं का रागावलात त्याला? ते म्हणाले होते, लिहून दिलंय तरी वाचत नाहीत.

“आपने सर को बोला क्यों नहीं? कि पन्ने में नहीं है?”

“सर को?” तो जरासा हसला. “सर के पन्ने को ग़लत बोलता? तब से मैं सबको मुँह से बोलता हूँ, रुको पाँच मिनट. लेकिन…”

“लेकिन क्या?”

“पन्ना सिर्फ़ कॉपी में नहीं है. हमारे पैनल रूम में दीवार पर लगा है, लैमिनेशन करवा के. कंपनी का चार्ट अंग्रेज़ी में था, कोई पढ़ता नहीं था. आपकी लिखाई साफ़ है ना. हमारा देखके बग़ल वालों ने लगाया. छह बिल्डिंगों में है.”

छतावरचा पंखा फिरत होता. हेमलताने त्याच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. छह बिल्डिंगों में. आपलं अक्षर इतकं लांब गेलं होतं, हे तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

“उतार दो,” ती म्हणाली.

“मेरी वाली उतार दूँगा. बाक़ी में मैं बोलूँगा तो पूछेंगे, तू कौन? नीचे सर का नाम है. तीन-चार तो सर के ही पढ़ाए हुए हैं, मारने दौड़ेंगे.” तो पुन्हा थोडा हसला. “आप चिट्ठी लिख दो.”

“चिट्ठी नहीं. मैं आऊँगी. बृहस्पतिवार को. नया पन्ना अपने हाथ से लगाऊँगी.”

“भाभीजी, इतनी गर्मी में? धूल ही धूल है वहाँ. रस्ते भी नहीं बने.”

“आऊँगी. बोल दिया.”

तो गेल्यावर तिने पट्टी घेतली आणि तेच पान सहा वेळा लिहिलं. दोन दिवस लागले. शेवटची ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण ती कुठल्याच वहीत नव्हती.

बुधवारी संध्याकाळी सुखदाने टेबलावरून एक पान उचललं. श्रीरंगचं नाव जिथे नेहमी असायचं तिथेच होतं. त्याखाली त्याच अक्षरात लिहिलं होतं: सर की लिखी हुई चौथी लाइन पुरानी कॉपी में उतारने वाली से छूट गई थी. पुराना पन्ना फाड़ दें. – हेमलता गद्रे.

सुखदाने ते दोनदा वाचलं. “हे भिंतीवर लावणार? सगळ्यांसमोर?”

“हो.”

“तुला कसं वाटणार आहे ते बघताना?”

हेमलताने खरोखर विचार करून बघितला. “माहीत नाही गं. सध्या काहीच वाटत नाही. म्हणून जमेलसं वाटतंय.”

सुखदाने पान खाली ठेवलं, कडा जुळवली. मग म्हणाली, “उद्या तुझा उपवास असेल.”

“आहे.”

“चलो, मग माझ्याबरोबर कंपनीच्या गाडीतून. मी ड्रायव्हरला विचारते.”

“नको. तुझी गाडी नऊला निघते. तोवर ऊन चढतं. आणि त्यांची दुपारची पाळी बदलायच्या आत मला सहाही ठिकाणी जायचंय.”

“बसने? दोनदा बदलावी लागते, आई. पहिली निजामुद्दीनपर्यंत, मग…”

“लिहून दे.”

सुखदाने डायरीतला कागद फाडून बसचे नंबर लिहून दिले. कुठे उतरायचं, तिथून रिक्षावाल्याला काय सांगायचं, तेही लिहिलं. शेवटी ऑफिसचा फोन नंबर लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

गुरुवारी साडेसहाला हेमलताने कागदांची गुंडाळी पिशवीत उभी ठेवली, पाण्याची बाटली घेतली, पदर डोक्यावरून घेतला. सुखदा आतल्या खोलीत झोपलेली होती. दार ओढून घेताना कडी वाजू नये म्हणून हेमलताने ती बोटाने धरली. जिन्याखाली चौकीदार झाडूवाल्याशी बोलत उभा होता.

“इतनी सुबह कहाँ, आंटीजी? मंदिर?”

“नहीं. गुडगाव,” ती म्हणाली, आणि बस थांब्याकडे चालू लागली.