अंतरपाटाचं टोक

दात साफ करायचा दोरा गौरीने फोटोच्या कोपऱ्याखाली सरकवला आणि दोन्ही हातांनी करवतीसारखा हळूहळू ओढत नेला. चौतीस वर्षांपूर्वीचा गोंद कुरकुरत सुटला. फोटो अखंड हातात आला.

"फाटला?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाही. अंतरपाटाचा आहे. हाच बाबांचा आवडता ना?"

"आवडता म्हणजे काय, पुरावा आहे तो," बाबा पेपरमागून म्हणाले. "अण्णा स्वतः टोक धरून उभे आहेत बघ. वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न करायची पद्धत आमच्यात नव्हती."

गौरीने फोटो उलटून मागचा गोंद नखाने खरवडला. पुढच्या महिन्यात इथेच, बंगळूरच्या येलहंक्यात, घरापासून दोन गल्ल्यांवरच्या हॉलमध्ये, तिचं नागराजशी लग्न होतं. नागराज तिच्याच प्रयोगशाळेतला, कन्नड घरातला. बाबांनी तिला एवढंच सांगितलं होतं, "तुम्ही करा. मला धरून चालू नका." तेव्हापासून पत्रिका फ्रिजच्या दारावर लावलेली होती आणि बाबा पाण्याची बाटली काढताना तिच्याकडे बघायचं टाळत होते.

"खांद्याचा व्यायाम केलात?" आई बाहेर येत म्हणाली. "डॉक्टरांनी भिंतीवर बोटं चढवायला सांगितलंय. नाहीतर उजवा हात असाच आखडून राहील."

"मला कुठं नारळाच्या झाडावर चढायचंय?"

"कोथिंबीर तरी आणा मग. ती खालीच मिळते."

बाबा डाव्या हाताने पिशवी घेऊन बाहेर पडले.

गौरीने फोटो स्कॅनरवर ठेवला. अल्बम आईपाशीच राहणार होता. सोबत न्यायला तिला प्रती हव्या होत्या. पडद्यावर चित्र उमटलं. अंतरपाटावरचं कुंकवाचं स्वस्तिक, एका बाजूला दाट केसांचे बाबा, दुसऱ्या बाजूला मान खाली घातलेली आई, आणि टोक उंच धरून कोणाकडेच न बघणारे अण्णा. तिने अल्बमची पानं उलटून पाहिली. बाकी कुठल्याच फोटोत आजोबा नव्हते.

मग आईच्या हातावरची मेंदी खटकली. पुढच्या पानावर, मंगळसूत्र बांधतानाच्या फोटोत ती गडद तपकिरी होती. या फोटोत पुसट नारिंगी. मधे फार तर तासाभराचं अंतर. कागदाचा रंग उडाला असेल, असं धरून तिने शालू ताडून पाहिला. तो दोन्हीकडे सारखाच हिरवा होता. तिने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. पदराच्या काठाखालून चार काळे मणी डोकावत होते.

"आई, इकडे ये."

"स्वल्प थांब, थोडंसंच. डाळ उतू जाईल."

आई हात पुसत आली.

"अंतरपाट अजून धरलेलाच आहे आणि तुझ्या गळ्यात मंगळसूत्र?"

आई पडद्याकडे बघत राहिली. मग तोंडावर पदर धरून हसली. "दिसलंच शेवटी! मी चांगलं आत खोचलं होतं. फोटोग्राफर म्हणत होता, अम्मा, दोन मिनिटं काढून ठेवा. मी म्हटलं, घालून आठ दिवस झाले नाहीत, काढू कशी?"

"आठ दिवस?"

आई खुर्चीवर टेकली. "अण्णा लग्नाला आलेच नव्हते. सांगलीत दुसऱ्या मुलीच्या घरी शब्द दिलेला त्यांनी. आठवड्याने एकटेच आले. पाणी प्यायले आणि विचारलं, फोटो काढलेत का? हो म्हटल्यावर म्हणाले, मग मी नसणार त्यात. तुझे बाबा उठले, मला पुन्हा शालू नेसायला लावला, मुंडावळ्या शोधल्या आणि आम्हाला इथल्याच शिवाजीनगरच्या स्टुडिओत घेऊन गेले. एक टोक अण्णांनी धरलं. दुसरं दिव्याच्या स्टँडला बांधलं. भटजी कुठून आणायचे?"

"आणि बाबा मला इतकी वर्षं..."

"सुरुवातीला सांगताना चाचरायचे. मग अण्णा गेले. मग चाचरणंही गेलं."

गौरीने पुन्हा मण्यांकडे पाहिलं. "दाखवू त्यांना?"

"दाखव की. जिंकशील," आई म्हणाली आणि डाळ बघायला गेली.

दाराची कडी वाजली. फोटो लहान करायला गौरीचा हात माउसकडे गेला आणि तिथेच थांबला. बाबा मागे येऊन उभे राहिले.

"केवढा मोठा केलास!" ते खुशीत म्हणाले आणि वाकले. त्यांची नजर अण्णांच्या चेहऱ्यावरून अंतरपाटावर आली, तिथून पलीकडे गेली आणि पदराच्या काठाशी थबकली. स्वयंपाकघरातला पळीचा आवाज बंद झाला.

ते म्हणाले, "हल्ली कॉम्प्युटरवर असं काही पुसता येतं ना?"

"येतं."

"नको. आहे तसं राहू दे." कोथिंबिरीची जुडी अजून त्यांच्या हातातच होती. "अण्णांनी हात बघ किती उंच धरलाय. आणि सांगलीहून हुबळीपर्यंत बसमध्ये उभे राहून आले होते."

गौरीने अण्णांचा वर धरलेला हात पडद्याच्या मधोमध आणला.

"नागराजकडे धरतात का हा?" बाबांनी विचारलं.

"धरतात. अंतरपटच म्हणतात."

बाबांनी जुडी टेबलावर ठेवली आणि आत गेले.

जेवणाची ताटं घ्यायला गौरी उठली, तेव्हा ते मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभे होते. उजव्या हाताची बोटं एकेक करत भिंतीवर चढत होती. कॅलेंडरच्या खालच्या कडेपाशी ती थांबली आणि आणखी थोडी वर गेली.