पाखरांची काडतुसं

सोलापूरच्या मंगळवार पेठेतल्या काडतुसांच्या दुकानात बाईमाणूस बघून नवं गिऱ्हाईक बिचकायचं. जुन्यांना काशम्माची सवय झाली होती. गादीवर नवरा शंकरप्पा बसायचा आणि मागच्या दारात, डोक्यावरून पदर घेऊन, काशम्मा. गिऱ्हाइकानं काय हवं ते सांगावं, शंकरप्पानं दर बोलावा आणि काशम्मानं फळीवरून पुडकं काढून त्याच्या हाती द्यावं, अशी रीत पडली होती. बायको नवऱ्याला मदत करते, यापलीकडे कुणी काही मनात आणलं नव्हतं.

धंदा सासऱ्याचा. गड्ड्याच्या जत्रेत शोभेची दारू उडवायचं काम त्यांच्याकडं असायचं. त्यातनं पुढं बंदुकीच्या दारूचं आणि काडतुसांचं लायसन मिळालं. गळ्यात लिंग आणि दुकानात शिकारीचा माल, म्हणून भाऊबंद टोचून बोलायचे. सासरा म्हणायचा, "आपण विकतो, मारत न्हाई." काशम्मानं नवी नवरी असताना ते ऐकलं आणि पटवून घेतलं. बाईनं दुसरं करायचं तरी काय.

मग शंकरप्पाचे डोळे गेले. एकदम नव्हे. आधी कडेचं दिसेना, मग समोरचं धुरकट झालं. मिरजेच्या डॉक्टरनं तपासून काचबिंदू म्हणून सांगितलं. गेलेली नजर परत यायची नाही, आहे तीही जाणार. घरी आल्यावर शंकरप्पा दोन दिवस जेवला नाही. आंधळ्याच्या नावावर सरकार काडतुसांचं लायसन कशाला ठेवील? आणि लायसन गेलं की चूल गेली. शेवटी त्यानं काशम्माला माडीवर, खिडकीपाशी बसवलं आणि जेवढी नजर शिल्लक होती तेवढ्यात तिला शिकवायला घेतलं.

"रंगावर जाऊ नको," तो म्हणाला. "ही बघ, दोन्ही लाल कागदाची. दोन्ही बारा बोअरच्या बंदुकीची. लांबी एक, वजन एक, बुडाची पितळी वाटी एक. पण वरच्या पुठ्ठ्यावर काय छापलंय बघ. हा इंग्रजी आठ. आत मोहरीएवढे छर्रे, पाखरांसाठी. आणि ही दोन अक्षरं, एल्‌जी. आत हरभऱ्याहून मोठ्या मोजक्या गोळ्या. त्या रानडुकराला लोळवतात."

"आन ह्यातनं माणसाला लागलं तर?"

"आठ नंबर लांबनं लागलं तर अंगात काटे घुसल्यासारखं होतं. एल्‌जीचं इचारू नको."

तिनं पुन्हा विचारलं नाही. पण शिकली मात्र भराभर. रायफलीची काडतुसं सबंध पितळेची, बाटलीसारखी मान आखडलेली. त्यातही टोक नुसतं शिशाचं असलं तर शिकारीचं. टोकापर्यंत निकेलचा पत्रा असला आणि बुडावर लष्करी खूण असली, तर ते पलटणीतलं, दुकानात सापडलं तरी बेडी पडायची. पिस्तुलाचं बुटकं, अंगठ्याच्या पेराएवढं. महिन्याभरात पेटी उघडली की लांबूनच ओळखू लागली. शंकरप्पाला मग दुकानातल्या मालाची जागा तेवढी पाठ करायची राहिली. डावीकडच्या वरच्या फळीवर पाखरांची, मधल्या फळीवर सशाहरणांची, खाली कोपऱ्यात एल्‌जी. हात घातला की वस्तू सापडे. गिऱ्हाइकाशी बोलताना तो आवाजाच्या रोखानं मान वळवायचा, आणि कुणाला काही उमगायचं नाही.

सन अठ्ठावीसच्या थंडीत काशम्माच्या बहिणीच्या घरी बारसं निघालं, अक्कलकोटला. ती दोन दिवसांकरता गेली. जायच्या आधी दुकान झाडताना तिला दिसलं, खालच्या कोपऱ्यात भिंतीला ओल आलीय. काडतुसांना ओल म्हणजे सत्यानाश. तिनं एल्‌जीची पुडकी उचलून डाव्या वरच्या फळीवर, पुढच्या बाजूला ठेवली आणि पाखरांची मागं सारली. बाहेर टांगा उभा होता, टांगेवाला ओरडत होता. ती लगबगीनं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बार्शी रस्त्याकडच्या एका खेड्यातला कुंडलिक दुकानात आला. मध्यम वयाचा, अंगापिंडानं रोड, स्वतः राबणारा शेतकरी. जोंधळा हुरड्यात आला होता आणि पाखरांनी उच्छाद मांडला होता. "पाखरांची द्या," तो म्हणाला. काशम्मा येईपर्यंत थांबा म्हणावं तर गाडी जोडून लांबनं आलेलं माणूस. शंकरप्पा उठला, डावीकडच्या वरच्या फळीला हात लावला आणि सीलबंद पुडकं काढून दिलं. पुडक्यावरचं इंग्रजी कुंडलिकाला येत नव्हतं. शंकरप्पाला ते दिसत नव्हतं.

आठवड्याभरानं फौजदार आले. बरोबर एक शिपाई. फौजदारांनी गादीवर रुमाल पसरला आणि त्यावर लाल काडतुसं मांडली, काही भरलेली, एक उडवलेलं. शेजारी कागदाच्या पुडीत शिशाच्या दोन गोळ्या, चेपलेल्या.

"शंकरप्पा, हा माल तुमच्या दुकानातला. कुंडलिकानं एक धनगर मारलाय, धुळाप्पा नावाचा. मेंढरं जोंधळ्यात शिरली म्हणून आदल्या दिवशी दोघांची बाचाबाची झाली होती, चार माणसांनी ऐकलीय. सकाळी मेंढरं परत शिरली, ह्यानं बंदूक झाडली. धुळाप्पा धाटांच्या आड होता. आता म्हणतो, पाखरांची काडतुसं होती, नुसतं हुसकायला उडवलं. हे कसलं काडतूस आहे, बघून सांगा."

त्यांनी एक काडतूस शंकरप्पाच्या तळहातावर ठेवलं. शंकरप्पानं ते डोळ्यांसमोर धरलं, फिरवलं. दारातून काशम्मा बघत होती. वरची दोन अक्षरं तिला तिथनं स्वच्छ दिसली. आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावरनं कळलं, की कुंडलिकाला पाखरांचीच दिली असं तो धरून चाललाय आणि आता तेच बोलणार.

"ही तर पाख—"

"एल्‌जी हाय, साहेब," काशम्मा पुढं येत म्हणाली. "रानडुकराची. ह्यांचा चष्मा फुटलाय."

फौजदारांनी तिच्याकडं पाहिलं, मग काडतुसाकडं. "बरोबर. त्या मुलखात रानडुकरं नाहीत. मग ह्यानं ही कशाला घेतली? तुमच्याकडं काय मागितलं होतं त्यानं?"

शंकरप्पाच्या हातातलं काडतूस गादीवर पडलं. "लई गिऱ्हाइकं येतात, साहेब," तो म्हणाला. "ध्यानात न्हाई."

"कोर्टात यावं लागेल. एल्‌जी म्हणून ओळखली, एवढं सांगायचं." रुमाल गुंडाळून फौजदार निघून गेले.

शंकरप्पानं दुकान बंद करायला सांगितलं. आत अंधारात तो डाव्या वरच्या फळीवर हात फिरवत राहिला.

"मी हितनंच दिलं. हितं पाखरांची असतात."

"मी हलवली होती. खाली ओल आली होती."

"मला सांगितलंस?"

काशम्माला आठवेना. टांगेवाला ओरडत होता, ती पायात चप्पल घालत होती, आणि आतून शंकरप्पा काहीतरी म्हणाला होता. तिनं पुडक्यांचं सांगितलं होतं की सांगायचं मनात आणून तशीच गेली होती? "सांगितलं असंल," ती म्हणाली.

"असंल?"

"मग माझ्या माघारी दुकान उघडायचं न्हाई, हे आपलं ठरलं होतं की!"

त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलू लागली. शंकरप्पा सकाळची लिंगपूजा करायचा आणि मधेच थांबायचा. काशम्मा ताट वाढायची आणि दोघांची ताटं तशीच उचलायची. एकदा तो आपण होऊन म्हणाला, "बंदूक त्यानं झाडली, मी न्हाई." ती भांडी घासत राहिली. थोड्या वेळानं तोच म्हणाला, "पण त्याला वाटलं, मोहरी उडवतोय."

"आपण बोललो तर लायसन जाईल. तुमाला आत टाकतील."

"आन न बोललो तर कुंडलिकाला फास."

एवढं झालं तरी ठरलं काहीच नाही. कोर्टाची तारीख जवळ येत चालली.

एक दिवस दुपारी दुकानाच्या पायरीशी एक बाई येऊन उभी राहिली. खांद्यावर घोंगडं, कपाळ मोकळं. आत यायला तयार होईना. काशम्मा बाहेर गेली.

"बंदुकीची दारू इकत्यात ती तुमीच का?" बाईनं विचारलं. "मी राजाबाई. धुळाप्पाची."

काशम्मानं बाईला आत बसवलं, तांब्याभर पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. राजाबाईनं पाणी घेतलं, गूळ तसाच राहिला.

"कचेरीत जबानीला बोलावलं व्हतं. तितं समदी म्हणत्यात, त्यानं ठरवून मारला. मला एकच इचारायचं हाय. त्यो कुंडलिक आमाला काय परका न्हाय. दर साली त्याच्याच रानात आमी मेंढरं बसवायचो, खतासाठनं. माज्या हातची भाकर खाल्ल्याली हाय त्यानं. भांडणं तर व्हायचीच की. पर मारायचं म्हणून मोठी गोळी घ्यायला त्यो सोलापूरला आला आसंल, तर मी त्याच्या दारात जाऊन त्याच्या लेकराबाळांस्नी तळतळाट दीन. आन तसं नसंल, तर..." ती थांबली. "तर काय करायचं ते मला कळंना. पर मला खरं सांगा, बाई. त्यानं काय मागितलं व्हतं?"

काशम्मानं मागं वळून बघितलं. शंकरप्पा गादीवर ताठ बसला होता. त्यानं प्रत्येक शब्द ऐकला होता.

"पाखरांची मागितली होती," शंकरप्पा म्हणाला.

राजाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. त्याचे डोळे तिच्यावर नव्हते, तिच्या बाजूच्या भिंतीवर होते. ती बराच वेळ त्या डोळ्यांकडं बघत राहिली.

"तुमाला दिसत न्हाय," ती म्हणाली.

"न्हाई."

"आन तरी काडतुसं इकता."

"पुडकं मी हलवलं होतं," काशम्मा म्हणाली. "चूक माझी हाय."

"कुणाची का आसंना." राजाबाई उठली. घोंगडं खांद्यावर घेतलं. "माजा माणूस मेंढरं हाकायला वाकला व्हता. वाकल्याला तसाच पडला." एवढंच बोलून ती पायऱ्या उतरली आणि गल्लीतून निघून गेली. शाप दिला नाही, रडलीही नाही. शाप दिला असता तर बरं झालं असतं, असं काशम्माला वाटलं.

"उद्या कचेरीत जाऊ," शंकरप्पा म्हणाला.

"आजच," काशम्मा म्हणाली. "उद्या आपला धीर सुटंल."

फौजदार आधी चिडले, मग त्यांनी सगळी जबानी पुन्हा लिहून घेतली. त्या दिवशी आपण मधेच बोलून नवऱ्याचं आंधळेपण झाकलं, हेही काशम्मानं सांगितलं. त्याच संध्याकाळी दुकानाला सील लागलं.

खटला उभा राहिला तेव्हा सरकारी वकिलाला ही जबानी पटेना. कुंडलिकाच्या माणसांनी पैसे चारून शंकरप्पाला आंधळ्याचं सोंग घ्यायला लावलंय, असा त्यांचा रोख होता. त्यांनी शंकरप्पाला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं केलं आणि हातातलं काडतूस उंच धरलं. "हे कोणतं?"

"काय धरलंय तेच दिसत न्हाई, साहेब."

"मग इतकी वर्षं दुकान कसं चालवलंत?"

"बायकोच्या डोळ्यांनी."

कोर्टात कुणीतरी हसलं. मग काशम्माला बोलावलं. पिंजऱ्यात उभी राहिलेली बाई बघायला लोक दाटीवाटीनं पुढं सरकले. वकिलांनी टेबलावर मिसळून ठेवलेली काडतुसं तिला वेगळी करायला लावली. तिनं हात न लावता, नुसती बघून, एकेकाचं नाव सांगितलं: हे पाखरांचं, हे सशाचं, हे रायफलीचं, हे एल्‌जी. "नवरा दुकानात एकटा असताना ही दोन त्याला वेगळी ओळखता आली असती का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"पुडकं फोडलं असतं आन वरच्या पुठ्ठ्यावर अंगठा दाबला असता, तर आली असती," ती म्हणाली. "मोठ्या गोळ्या हाताला लागतात. पण पुडकं बंद होतं."

आरोपीच्या पिंजऱ्यात कुंडलिक कठडा धरून उभा होता. ती खाली उतरताना त्यानं तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत उपकाराची भावना होती की राग, तिला सांगता आलं नसतं. दोन्ही असावं.

निकाल लागला. जाणूनबुजून खून नव्हे, बेपर्वाईनं घेतलेला जीव, असं ठरलं. कुंडलिकाला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली, फास टळला. शंकरप्पावर वेगळा खटला होऊन दंड झाला आणि लायसन कायमचं गेलं. दुकानातला माल सरकारात जमा झाला.

कुंडलिकाच्या निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात, लिंबाखाली राजाबाई बसली होती. शंकरप्पा म्हणाला, "मला तिच्याजवळ ने." काशम्मानं नेलं. त्यानं हात जोडले. काय बोलायचं ते तो घरनं ठरवून आला होता.

राजाबाईनं वर पाहिलं. "माफी मागू नका," ती म्हणाली. "मागितली तर मला काय तर बोलावं लागंल. माज्याजवळ आजून काय न्हाय बोलायला."

"आमी काय करू मग?" काशम्मानं विचारलं.

"मला काय म्हाईत? मी मेंढरं सोडून आलीया, दिरानं पाणी दावलं का न्हाय कुणाला ठावं." ती उठली, लुगड्याची धूळ झटकली. दोन पावलं जाऊन थांबली. "कुंडलिकाच्या घरी गेलती मी. त्याची बायकू दारातच रडाय लागली. जोंधळा काढायला माणूस न्हाय तिला." मग जरा वेळानं, जणू स्वतःलाच, "माजा दीर जाईल म्हणालाय. मी न्हाय जाणार." आणि ती फाटकाकडं चालू लागली.

शंकरप्पा अजून हात जोडूनच उभा होता. "गेली?" त्यानं विचारलं.

"जातीया," काशम्मा म्हणाली. राजाबाई रस्त्यावरच्या गाड्यांच्या आड दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहिली. मग त्याचे हात तिनंच खाली केले.