अंगठेबहाद्दर

मी शिवणकाम करते. सही येत नाही, अंगठा उठवते. लोक अंगठेबहाद्दर म्हणतात, म्हणोत बापडे! पण तोच उजवा अंगठा बधिर झाला तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. सुई टोचली तरी कळेना, कात्री खडूची रेघ सोडून पळायला लागली. अंगठा गेला म्हणजे माझं दुकानच गेलं की.

दोन डॉक्टर झाले. दोघांनीही अंगठ्याला हात न लावताच सांगून टाकलं. एक म्हणाला मान, दुसरा म्हणाला वय. गोळ्या खाऊन तोंड कडू झालं, अंगठा जिथल्या तिथे.

मग सून मला एका डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेली. असेल सुनेच्याच वयाची, पण भिंतभर पदव्या चौकटीत लावलेल्या. तिनं अंगठ्याला टाचणी टोचून बघितली आणि म्हणाली, "मावशी, हे कशानं झालंय, मला माहीत नाही."

माझं डोकंच फिरलं. "मग एवढं शिकलीस कशाला गं बाई?"

सुनेनं माझं कोपर दाबलं. डॉक्टरीण मात्र हसली. "शोधता यावं म्हणून. तुम्ही दिवसभर काय करता ते शिकवा ना मला."

कात्री माझ्या पिशवीत असतेच. तिनं तपासणीच्या टेबलावरची चादर ओढून पुढे धरली. मी कापून दाखवली. मग तिनं कात्री मागून घेतली आणि उंदरानं कुरतडावी तशी कापत सुटली. थोड्या वेळानं थांबली, स्वतःचा अंगठा न्याहाळला. कात्रीच्या कड्याचा लाल वळ उठला होता. तिनं एक जाडजूड पुस्तक काढलं आणि माझ्यासमोर, बोट फिरवत वाचलं. मग माझ्या अंगठ्यावर त्याच जागी हलकेच दाबलं. नखापर्यंत झिणझिण्या गेल्या!

"कड्यानं नस दबतेय," ती म्हणाली. "दोन महिने कात्रीला सुट्टी द्या, मग कड्याला मऊ कापड गुंडाळा. बहुधा जीव परत येईल."

एवढी शिकलेली बाई, आणि माझी शागीर्द झाली! मी शिवणाच्या तीस वर्षांत कुणाला 'माहीत नाही' म्हटलं नव्हतं. सून माझ्याच हाताखाली शिवण शिकते, पण तिनं काही विचारलं की माझं एकच, "तोंड चालवण्यापेक्षा हात चालव."

दोन महिने कात्री सुनेनं सांभाळली. एक दिवस काजं करताना सुई टोचली आणि मला चक्क दुखलं! मी आनंदानं ओरडलेच. मला खुशीत बघून सुनेनं भीत भीत विचारलं, "आई, गळ्याची पट्टी तिरकी कापली की ताणते. पण का ताणते?"

जुनं उत्तर जिभेवर आलं होतं, ते गिळलं. "मला माहीत नाही गं."

तिनं हातातलं काम खाली ठेवलं. मग आम्ही एक जाडंभरडं कापड खिडकीशी उजेडात धरलं आणि तिनं तिरकं ओढलं. उभ्या-आडव्या धाग्यांचे ते इवले इवले चौकोन सगळे एकदम कलले, एकही धागा न तुटता.

"अगं बाई!" मी म्हणाले. तीस वर्षं हे माझ्या हातात होतं.

"परत ओढ."